वारावर चार बोटं

नागपुरात टिमकीकडच्या कोष्ट्यांची कापड मोजायची एक रीत होती. लाकडी वार कापडावर धरायचा, त्याच्या टोकाला उजव्या हाताची चार बोटं आडवी टेकवायची आणि पुढचा वार बोटांच्या पलीकडून सुरू करायचा. ही चार बोटं हिशेबात धरत नसत. ती गिऱ्हाइकाची. लुगडं पहिल्या धुण्यात आटतं, नेसणारी दुसऱ्या बाळंतपणात सुटते, तेव्हा वारामागे चार बोटं सोडलेली बरी, असा त्यामागे विचार. म्हणजे टिमकीचं नऊवारी लुगडं खरं तर नऊ वार छत्तीस बोटांचं. पण त्या छत्तीस बोटांचा उच्चार करणं म्हणजे पाहुण्याच्या पानातल्या पोळ्या मोजणं. सोयरीक जमवायला आलेली माणसं घर बघत नसत, माग बघत नसत; घरधनी कापड कसं मोजतो ते बघत. "बोटं सोडत नाही गा हा माणूस," एवढं कोणी बाहेर येऊन म्हटलं, की मंडळी चहा न पिता उठायची.

जागेश्वर बारापात्रे या टिमकीत जन्मले, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मोठे झाले आणि चौदाव्या वर्षी त्या खड्ड्यातून बाहेर येऊन सातवी फायनल झाले. "माह्या पोराचे पाय जमिनीवर आले," असं त्यांची आई सगळ्यांना सांगत सुटली होती. पुढे ते वस्तीतल्याच प्राथमिक शाळेत मास्तर झाले. शाळेला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. खोल्या तीन आणि वर्ग चार. त्यातली चौथी एकोणीस वर्षं जागेश्वर मास्तरांकडे होती. काळा कोट, त्याच्या उजव्या खांद्यावर खडूचा पांढरा पट्टा (फळ्यावरून हात खाली आला की तो खांद्यावर झटकायची सवय), आणि कोटाच्या आत एक आवाज, की जो कोटात मावत नसे.

त्या आवाजानं ते पाढे म्हणून घेत. साधे पाढे तिसरीतल्या पोरांनाही येतात. मास्तरांची ख्याती होती पावकी-निमकीची. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, सगळ्यांचे पाढे पोरं तालात म्हणत आणि बाहेर वस्तीतले माग त्याच तालात खटखटत. माग पाढ्यांच्या तालावर चालत की पाढे मागांच्या, हे कोणी सांगू शकलं नसतं. बायका निमकीला भात चुलीवर ठेवत आणि अडीचकीला उतरवत. मास्तर तापानं रजेवर गेले, की दहा घरी भात करपे.

पण मास्तरांचं खरं काम एप्रिलात असे. चौथी झाली की शाळा संपली, आणि शाळा संपली की पोरगा मागावर आणि पोरगी सुताच्या कांड्या भरायला. मग मास्तर छत्री घेऊन घरोघर फिरत आणि बापांशी भांडत. "पाचवीत घाला, माह्यासाठी घाला." यमुताई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "इलेक्शनले उभे राहिल्यावाणी फिरता. तरी पडताच." पडत खरं. चाळीसातली चार पोरं पाचवीत जात, एखाद्या साली पाच. पण ती चार मास्तरांच्या फिरण्यामुळेच जात. दुसरा कोणी फिरत नसे. चौथी हातात असेपर्यंत ही चार पोरं त्यांची, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, त्यांच्या मनात एकच नाव होतं. पुष्पलता. बाबनराव निखाऱ्यांची मुलगी, पहिल्या बाकावरची. दिडकीचा पाढा ती उलटा म्हणे आणि म्हणताना कंटाळलेली दिसे. मास्तर दिवाळीतच बाबनरावांकडे जाऊन बसले.

"पोरीले पाचवीत पाठवा, बाबनराव."

बाबनराव मागावर होते. धोटा फेकतच बोलले, "पाठवून?"

"शिकंल."

"शिकून?"

"मोठी होईल."

"ते तर घरी बसूनही होईल. खाणं थांबवलं का कोणी तिचं?" आतून रुख्माबाई, पुष्पलताची आई, हसली. मग बाबनरावांनी धोटा थांबवला. "मास्तर, मी नाही म्हणत नाही. पण फी माह्याच्यानं होत नाही. ते माफीची जागा म्हणता ना तुम्ही, कन्याशाळेतली? ते आणा. सायबाची चिठ्ठी आणली, का पोरगी तुमची."

कन्याशाळेत फी माफीच्या दोन जागा होत्या आणि त्या तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शिफारशीनं भरत. मास्तर घरी आले ते चिठ्ठी खिशात असल्यासारखेच आले.

आणि पुढच्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं.

हेडमास्तर नानाजी परिपत्रक वाचत तेव्हा कागद हातभर लांब धरत. डोळ्यांचा दोष होता थोडा, बाकी भीती. "वार, फूट, इंच बंद," त्यांनी वाचलं. "शेर, छटाक तर बंदच झाले. आता मीटर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, हे पाढे अभ्यासक्रमातून..." इथे त्यांनी चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं आणि पुढचा शब्द गिळला.

"काढले?"

"काढले."

"सगळे?"

"दिडकी तरी ठेवायले पाहिजे होती," नानाजी म्हणाले. एखाद्याच्या घरी सहा माणसं गेल्यावर म्हणावं तसं.

परिपत्रकात आणखी एक ओळ होती, पुढे पोरांच्याही कानांवर गेलेली. फेब्रुवारीत साहेब येऊन चौथीची मापनाची परीक्षा घेतील; ज्या शिक्षकाच्या वर्गाला मापन येत नाही त्याला जूनपासून खालचा वर्ग द्यावा. मापनाच्या साहित्याची पेटी मागाहून येईल.

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठले तेव्हा ठरलं होतं. पाढे गेले तर गेले. चौथी जाऊ द्यायची नाही.

पेटी काही आली नाही. डिसेंबर गेला. मास्तर रोज नानाजींना विचारत आणि नानाजी रोज दाराकडे बघत, जणू पेटी पायांनी चालत येणार आहे. शेवटी मास्तरांनी एक बांबू तासला, खांद्यावर टाकला आणि इतवारीत ओमप्रकाश शेठच्या कापडाच्या दुकानी गेले. शेठकडे सरकारी छाप मारलेला लोखंडी मीटर होता.

"मास्टरजी, बांस लेके? राम राम, कौन गया?"

"कोणी गेलं नाही, शेठ. वार गेला."

शेठनं लोखंडी मीटर गादीवर ठेवला, मास्तरांनी बांबू त्याच्याशेजारी निजवला आणि चाकूनं खूण केली. तीनदा मोजलं, तिथेच कापला, दहा भाग पाडले, प्रत्येक भागाच्या पुन्हा दहा बारीक रेघा. त्या बांबूत केसाची चूक नव्हती, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवलेलं बरं.

बांबू घरी आणून मास्तरांनी तो बापाच्या जुन्या वाराशेजारी ठेवला. मीटर जरा पुढे गेला. किती पुढे? मास्तरांनी सहज उजवा हात आडवा टेकवला. चार बोटं. बरोब्बर चार.

"अवं ए! इकडे ये, पाह्य!" त्यांनी यमुताईंना हाक मारली. "वार आणि चार बोटं! मीटर म्हणजे आपलाच वार वं, चार बोटं सोडून मोजलेला! मीटर काढणाऱ्या त्या फ्रान्सवाल्यांनी नवं का केलं मंग?"

"त्यांनी बोटं विचारून घेतली का तुम्हाले?" यमुताई म्हणाल्या आणि भाकरी उलटायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गात हेच सांगितलं. मीटर म्हणजे वार आणि चार बोटं. कोष्ट्याच्या पोरांना याहून सोपं कोणी काय सांगणार? पोरांनी ते घरी सांगितलं, आणि वस्तीत जरा खळबळ झाली. बाबनराव नाक्यावर म्हणाले, "चार बोटं आपण राजीखुशीनं देत होतो. आता सरकारनं लाकडातच घालून टाकली. आज बोटं घेतली, उद्या मनगट मागतीन."

वर्ग मात्र बहरला. किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. मास्तरांनी याला दिडकीची चाल लावली आणि बाहेरचे माग पुन्हा तालात आले. पोरांनी ही नावं लगेच वापरात आणली. वर्गातला जाड गोविंदा किलो झाला, त्याचा काडीसारखा भाऊ मिली झाला, आणि नानाजींना मागून डेका म्हणू लागले. का, ते पोरांनाही माहीत नव्हतं, पण नानाजींना पाहिलं की पटायचं. एका बांबूवर बेचाळीस पोरं मोजायला शिकत होती. बाक मोजला, फळा मोजला, नानाजींची सावली मोजली. मोजताना प्रत्येक जण बांबू ठेवी, टोकाला चार बोटं टेकवी आणि बांबू बोटांच्या पलीकडून पुन्हा ठेवी. मास्तर जवळ उभे राहून मान हलवत. त्यांना त्यात काही दिसलंच नाही. जन्मल्यापासून त्यांनी कोणाला वेगळं मोजताना पाहिलंच नव्हतं. पोरं मोजून राहिली आहेत, एवढंच त्यांना दिसलं.

शेवटी मास्तरांनी स्वतः वर्गाची लांबी मोजली आणि भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिली: लांबी ६ मीटर. वर दोन-तीन सेंटीमीटर उरत होते. ते त्यांनी सोडून दिले. भिंतीलाही थोडं द्यावं माणसानं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सगळी पोरं घरी गेल्यावर पुष्पलता दारात घोटाळत राहिली.

"काय वं?"

"गुरुजी, बोटं मीटरच्या आत आहेत का बाहेर?"

मास्तर टेबलावर चढून जाळी काढत होते. नानाजींनी त्याच दिवशी जाळी काढायला सांगितलं होतं. "बोटं सोडायचीच असतात, बाई," ते वरूनच म्हणाले. "आपण का कंजूस आहो?"

पुष्पलता एक पाऊल आत आली. काहीतरी म्हणणार होती. मग मास्तरांच्या डोक्यावर एक कोळी पडला आणि ते राहून गेलं.

साहेब आले ते सायकलवर, धरमपेठेतून. कृष्णकांत साहेब म्हणत त्यांना. तरुण, पुण्याकडे ट्रेनिंग घेऊन आलेले, पँटच्या पायाला चिमटा लावलेला. स्वभावानं चांगले होते. मास्तरांनी पाणी दिलं तर उभं राहून प्याले आणि "आभारी आहे" म्हणाले. पाण्याचे आभार मानणारा माणूस मास्तर पहिल्यांदा बघत होते. तिथेच त्यांचा धीर थोडा सुटला.

पाठांतर झालं. किलो-हेक्टो-डेका असं दणाणलं, की साहेबांनी कानाशी हात नेला आणि मग तो भांग सारखा करायला होता असं दाखवलं. "उत्तम," ते म्हणाले. मास्तरांनी खुशीत खडूचा हात खांद्यावर झटकला.

"आता कोणीतरी खोलीची लांबी मोजून दाखवा बरं."

आधी गोविंदा उठला. बांबू ठेवला, बोटं टेकवली, सरकला. "सहा मीटर, अन् बोटं भिंतीले लागली." साहेबांनी मान तिरकी केली. मग त्याचा भाऊ. त्याची बोटं बारीक. "सहा मीटर सात."

"सहा मीटर सात काय?"

"सेंटी."

साहेबांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पेन्सिल ओठाला लावली. मास्तरांच्या लक्षात आलं, की साहेबांना काहीतरी आवडलेलं नाही. काय, ते कळेना. त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. "सायेब, आमची पुष्पलता पाहा. हुशार आहे. शिफारशीसाठी हिचंच नाव आहे माह्याकडून."

पुष्पलता आली. परकर खोचला, गुडघ्यांवर बसली आणि बांबू भिंतीला चिकटवून ठेवला. टोकाशी खडूची रेघ मारली. बांबू उचलून रेघेवरूनच पुढे ठेवला. पुन्हा रेघ. पुन्हा रेघेवरूनच.

साहेब पुढे वाकले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. मास्तर मात्र तिच्या हाताकडे बघत होते. पोरगी घाबरली! बोटं विसरली! सायबासमोर, ऐन वेळेला! टिमकीच्या पोरीनं कंजूस बापाच्या पोरीसारखं मोजावं? एकोणीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा आवाज कोटाबाहेर पडला.

"पुष्पे! बोटं वं, बोटं! बोटं सोड!"

"मास्तर, तिला मोजू द्या," साहेब म्हणाले.

पण पुष्पलता थांबली होती. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या गेरूच्या अक्षरांकडे पाहिलं. मग पुन्हा मास्तरांकडे. मग परकराच्या टोकानं खडूच्या रेघा पुसल्या, पहिल्या भिंतीपाशी परत गेली आणि बांबू ठेवून टोकाशी चार बोटं टेकवली.

"सहा मीटर चार," ती शेवटी म्हणाली. अगदी हळू.

साहेबांनी पिशवीतून एक निळा कागद काढून उलगडला. शाळेच्या इमारतीचा नकाशा होता. "खोली एकवीस फूट आहे, मास्तर. म्हणजे सहा मीटर चाळीस."

"नकाशा चुकला असंल," मास्तर म्हणाले. बेचाळीस पोरांपुढे दुसरं काय म्हणतील? आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. "द्या इकडे. मी मोजून दाखवतो."

त्यांनी कोट काढून टेबलावर ठेवला. गुडघे टेकले, हाडं वाजली. बांबू ठेवला. एक. सरकवला. दोन. सरकवला.

"मास्तर, जरा थांबा," साहेब म्हणाले. "हात तसाच ठेवा."

"कोणता?"

"उजवा."

मास्तरांनी खाली पाहिलं. पहिल्या बांबूचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यामध्ये फरशीवर त्यांची चार बोटं होती. शेजारी शेजारी, आज्ञाधारक, पहिल्या बाकावर बसल्यासारखी. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. कोणा परक्याची बोटं आपल्या हाताला लागलेली असावीत, तसे. वर्गात कोणी हसलं नाही. साहेबही हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं; हसणाऱ्या माणसाकडे रागानं तरी बघता येतं.

साहेबांनी शेरा लिहिला: पाठांतर उत्तम, मापन शून्य. शिफारशीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. जाताना मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचा बांबू मात्र अगदी बिनचूक आहे."

एप्रिलात मास्तर छत्री घेऊन निघाले तेव्हा यमुताईंनी इलेक्शनचं नाव काढलं नाही. त्यांचं न बोलणं मास्तरांना पहिल्यांदाच जड गेलं. बाबनरावांच्या घरी रुख्माबाईनं चहा टाकला. बाबनराव मागावरून उठून समोर येऊन बसले. एवढा मान त्यांनी मास्तरांना आधी कधी दिला नव्हता.

"चिठ्ठी नाही ना?"

"नाही. पण बाबनराव, मी दुसरीकडे..."

"राहू द्या, मास्तर. आपलं बोलणं चिठ्ठीचं होतं." मग ते जरा पुढे सरकले. "मले एक सांगा. पोरीनं बोटं सोडली म्हणून नापास केलं?"

"हो."

"सायेबानं तसं लिहून देल्लं?"

"लिहिलं."

"मंग त्या शाळेत का माणुसकी शिकवत असतीन?" बाबनराव म्हणाले. आणि काहीशा समाधानानं रुख्माबाईकडे वळले. "ऐकलं का वं? पोरगी बोटं सोडून मोजते, हे सरकारनं कागदावर देल्लं. सोयरिकीले आता अडचण नाही."

पुष्पलता कोपऱ्यात चरख्यावर कांडी भरत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मास्तरांनी तिच्यासाठी तो बांबूचा मीटर आणला होता. पेटी येणार म्हणून नानाजींनी तो वर्गातून काढायला लावला होता. देण्यासारखं दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांनी तो तिच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवला आणि चहा तसाच टाकून उठले.

जूनमध्ये चौथी दुसऱ्या मास्तरांकडे गेली आणि जागेश्वर मास्तर पहिलीत आले. गमभन. जुलैत पेटी आली. आत पितळी मीटर होता, मखमलीत. नानाजींनी ती उघडली, सगळ्यांना दाखवली, बंद केली, कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. "वापरलं तर झिजंल," ते म्हणाले. "मंग रजिस्टरात काय लिहू? मीटर कमी झाला म्हणून लिहू?"

मास्तरांनी घरी हात सुधारायचा पुष्कळ प्रयत्न केला. अंगणात नवीन बांबू घेऊन बसायचे. यमुताईंनी त्यांची चार बोटं सुतानं बांधून पाहिली. तर बांबूच्या टोकाला डाव्या हाताची चार टेकली. "हेही बांधू का?" यमुताईंनी विचारलं. "मंग जेवण मी भरवीन." मास्तरांनी सूत सोडलं. तो उद्योग तिथेच संपला.

पुढल्या एप्रिलात चौथीतून पाचवीत एकच पोरगा गेला, तोही वकिलाकडच्या स्वयंपाक्याचा. चौथीचे नवे मास्तर चांगले होते, अगदी वेळेवर येत आणि वेळेवर जात. घरोघर फिरायचं काही परिपत्रकात नव्हतं. जागेश्वर मास्तर एकदा छत्री घेऊन निघाले, नाक्यापर्यंत गेले आणि परतले. चौथीच्या पोरांच्या बापांना पहिलीच्या मास्तरानं काय सांगायचं? पुढची नऊ वर्षं त्यांनी गमभन शिकवलं. खांद्यावरचा खडूचा पट्टा तेवढा होता तसाच राहिला. वस्तीतले माग एकेक करून थांबत गेले. पोरं गिरणीत लागली, हमालीला गेली, रिक्षा ओढू लागली. खटखट इतकी कमी झाली, की दुपारी झोप येईना, अशी म्हाताऱ्यांची तक्रार सुरू झाली.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी यमुताईंना लुगडं हवं होतं. मागाचंच पाहिजे, गिरणीचं अंगाला चिकटतं म्हणाल्या. टिमकीत विणणारं कोणी धड उरलं नव्हतं. कोणीतरी सांगितलं, तांडापेठेत एक बाई आहे. माल चोख, पण जीव कवडीएवढा.

मास्तर गेले. दारात पुष्पलता होती. गाल बसलेले, हात सुतानं चिरलेले. मागावरून उतरलेलं कापड जमिनीवर पसरून ती मोजत होती. हातात तोच बांबू. रेघा बोटांच्या घासण्यानं काळ्या पडलेल्या. बांबू ठेवायची, नखानं खूण करायची आणि खुणेवरूनच पुढे ठेवायची. आधीची गिऱ्हाईक बाई उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. ती कापड घेऊन उठली आणि बाहेर पडता पडता मास्तरांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "एक बोट सोडत नाही, बाप्पा. मेल्यावर वर नेणार आहे का गाठोडं?"

"बसा, गुरुजी," पुष्पलता म्हणाली. जणू कालच शाळा सुटली होती. "केवढं पाहिजे?"

"यमुले लुगडं. नऊ वार."

"म्हणजे आठ मीटर तेवीस." ती मोजू लागली. मास्तर तिच्या हाताकडे बघत राहिले. एक. दोन. तीन. खुणेवरून खुणेवर. चुकीला जागाच नव्हती.

"पुष्पा," ते म्हणाले, "त्या दिवशी तुह्यंच बरोबर होतं."

"मालूम आहे, गुरुजी."

"तवाच मालूम होतं?"

"आदल्या दिवशीच. म्हणून तर विचारलं होतं तुम्हाले."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग माह्यं काहून ऐकलं वं?"

ती मोजायची थांबली नाही. "भिंतीवर तुम्ही सहा मीटर लिहून ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या अक्षरात. मी सहा मीटर चाळीस म्हटलं असतं, तर सायेबानं तुमची चौथी काढून घेतली असती."

चौथी कशी गेली, ते तिला सांगायची गरज नव्हती आणि हिंमतही नव्हती. पुष्पलतानं शेवटची खूण केली आणि कातर घेतली. पातं कापडावर टेकवून तिनं एकदा वर पाहिलं. मास्तरांना वाटलं, ती बोटं टेकवणार. तिलाही क्षणभर तसं वाटलं असावं.

"नको सोडू," मास्तर घाईनं म्हणाले.

"सोडत नाही मी कोणालेच," ती म्हणाली आणि खुणेवर कापड कापलं.

घरी यमुताईंनी लुगडं लगेच नेसून पाहिलं. काष्टा घातला, निऱ्या घ्यायला लागल्या, दोन घेतल्या, आणि तिसरीला कापड सरलं. त्यांनी पदर ओढून पाहिला, काष्टा सोडून पुन्हा घातला, तरी तेच.

"कोण्या कंजुसाकडून आणलं हो हे? आखूड आहे."

"माप बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "नऊ वार. सेंटीमीटर सुद्धा कमी नाही."

"मंग मले कमी काहून पडून राहिलं?"

मास्तरांनी कोट खुंटीला लावला. उजव्या हाताची चार बोटं मिटली आणि हात पाठीमागे घेतला. यमुताई उत्तराची वाट बघत, दोन निऱ्या हातात धरून, घराच्या मध्यभागी उभ्या होत्या.